न वाजलेली घंटा

१

रोज सकाळी राणीमहाल उघडला की किल्लीकाका आधी पलंगाशेजारच्या टेबलावरच्या चांदीच्या घंटेला एक टिचकी मारायचे आणि मगच पडदे उघडायचे. नियमात हे कुठेच नव्हतं. उलट ‘वस्तूंना हात लावू नये’ ही पाटी त्यांनी स्वतःच्याच हातांनी भिंतीवर ठोकली होती. पण त्यांचे वडीलही ह्याच राजवाड्याच्या किल्ल्या सांभाळायचे आणि तेही अशीच टिचकी मारायचे. ती वाजली की राजवाडा जागा झाला, असं काका धरून चालत.

त्या सकाळी त्यांनी अंधारात सवयीनं टिचकी मारली आणि ती हवेत गेली.

“घंटा गेली! राणीसाहेबांची घंटा गेली!”

चौकापलीकडच्या पाहुणेघराच्या व्हरांड्यात फौजदार चहा पीत बसली होती. फौजदार हे काही तिचं पद नव्हतं. लहानपणी घरात काही हरवलं की ही चिमुरडी कमरेवर हात ठेवून एकेकाची उलटतपासणी घ्यायची, म्हणून आत्यानं ठेवलेलं ते नाव. पुढे विमा कंपनीत दावे तपासण्यात तिचं आयुष्य गेलं. आता केस पिकले, नोकरी संपली, तरी घरात फौजदार ती फौजदारच राहिली.

ती चौकात पोचली तेव्हा किल्लीकाका जिन्याच्या शेवटच्या पायरीवर गुडघा धरून बसले होते आणि संग्रहालयाचे व्यवस्थापक त्यांच्यापुढे येरझाऱ्या घालत होते. तिला पाहून व्यवस्थापक एकदम नरमले.

“मॅडम, तुम्ही विम्यातल्या ना? चोरीचा दावा कसा करायचा तेवढं सांगा. चोर सापडलेलाच आहे.”

“कोण?”

“किल्ल्या ज्याच्या कमरेला तो. दुसरं कोण? काल संध्याकाळी ह्यांनी सगळं जागच्या जागी आहे म्हणून सांगितलं, कुलूप घातलं. आज कुलूप जसंच्या तसं आणि आत घंटा नाही. संध्याकाळी विश्वस्त यायचेत. त्यांच्यासमोर ह्यांना उभं करतो आणि उद्या फाटकाजवळची खोली रिकामी करून घेतो.”

काकांनी मान वर केली. त्या खोलीतच त्यांचा जन्म झाला होता, हे काल फाटकाशी फौजदारबरोबर आलेल्या आत्याला खुर्ची आणून देताना त्यांनीच कौतुकानं सांगितलं होतं. चोर म्हणवून घेण्यापेक्षा ती खोली सोडावी लागणार, ह्याचंच त्यांना जास्त लागलं असावं.

फौजदारला ते बघवेना. शिवाय जन्मभर तिला एका गोष्टीची चीड होती: आधी चोर ठरवायचा आणि मग चोरी शोधायची.

“दाव्याचं नंतर बघू,” ती म्हणाली. “आधी मला खोली दाखवा.”

२

खोलीचा उंबरा हातभर उंच होता. काल फौजदार त्याला चांगलीच ठेचकाळली होती. आज लक्षात ठेवून पाय उचलला, तरी चपलेचं टोक लागलंच.

कालची संध्याकाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ही सहल आत्याच्या हट्टापायी होती. आत्याचं लहानपण ह्या राजधानीत गेलेलं. राजवाड्याच्या शिवणखोलीत ती हाताखाली काम करायची, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे राजेपण संपलं, माणसं पांगली आणि आत्या भावाच्या घरी आली. नेमकी तेव्हाच फौजदारची आई गेली होती. आत्यानं पाळण्यातली पोर उचलली आणि स्वतःच्या लग्नाचा विषय कायमचा मिटवला. न्हाऊमाखू घालणं, अभ्यास घेणं, वेणी घालणं, सगळं तिनंच केलं. तिनं सकाळी बांधलेली रिबीन मैदानात लोळून आलं तरी ढिम्म हलायची नाही. घरी आल्यावर आत्यानं एक टोक ओढलं की मात्र सटकन मोकळी.

राजवाड्याबद्दल विचारलं की आत्या म्हणायची, “खाल्ल्या घरचे वासे मोजायचे नसतात.” विषय संपला.

ह्या वर्षी डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांबद्दल फारसं आशेचं काही सांगितलं नाही. तेव्हा एका सकाळी आत्याच म्हणाली, “दिसतंय तोवर एकदा ते शहर बघून येऊ या गं.” निघाल्यावर वाटेत तिनं दोनदा विचारलं, “घराला कुलूप लावलं ना?” फौजदारला काही केल्या आठवेना. फोन करून शेजारणीला बघायला लावलं तेव्हा कळलं, कुलूप व्यवस्थित होतं आणि आत्यानंच लावलं होतं.

काल दोघी शहरभर हिंडल्या. राजवाड्याकडे येणारा रुंद रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंची कमानींची दुकानं, उंच घड्याळमनोरा. आत्या प्रत्येक कोपऱ्यावर थांबायची. “इथे अत्तरवाला बसायचा. इथून पुढे वास बदलायचा,” असं काहीतरी बोलायची आणि परत गप्प व्हायची. ह्या शहरात कधीकाळी एक लहान मुलगी धावत होती, हे फौजदारला आयुष्यात पहिल्यांदाच खरं वाटलं आणि उगीचच भरून आलं.

मग राजवाड्याची दिवसातली शेवटची फेरी झाली. सज्ज्यातून राणीमहालात शिरताना गाइड ओरडला, “उंबरा सांभाळा!” आणि तरी एकूण एक माणूस अडखळला. आत्या तेवढी सहज आत गेली. पलंगाशेजारी दोरीपलीकडे घंटा होती. तिच्याखाली विणलेला छोटासा पांढरा रुमाल होता.

“राणीसाहेब मोठ्या तापट!” गाइडनं हात नाचवत सांगितलं होतं. बडबडीमुळे सगळे त्याला पोपट म्हणत. “मध्यरात्री ही घंटा वाजली की दासींची पळापळ! एकीलाही रात्रभर डोळ्याला डोळा लावायची सोय नव्हती.”

लोक हसले. आत्या मात्र हसली नाही. “दमले गं, जरा बसते,” म्हणाली आणि दाराजवळच्या खुर्चीत टेकली. फौजदार तिच्यासाठी पाणी आणायला खाली गेली. परत येईपर्यंत आत्या जिन्यापाशी येऊन उभी होती.

आज खोलीत फौजदारनं टेबलाकडे पाहिलं आणि ती थबकली. घंटेबरोबर रुमालही गेला होता. चांदी चोरणाऱ्याला जुनापुराणा रुमाल कशाला हवा?

३

“काका, काल काय काय केलंत ते सांगा,” फौजदारनं पायरीवर त्यांच्याशेजारीच बसकण मारली.

“नेहमीसारखी फेरी मारली. राणीमहाल बघितला, घंटा जागेवर होती. पडदे ओढले, सज्ज्याला कुलूप घातलं.”

“पडदे तुम्ही स्वतः ओढलेत?”

काकांनी किल्ल्या कमरेला नीट खोवल्या. “मीच. इथला जुना शिरस्ता आहे ताई. ज्यानं खोली तपासली त्यानं पडदे ओढायचे. पडदा ओढलेला दिसला की समजायचं, खोली बघून झाली.”

“आज सकाळी पडदे तुम्हीच उघडलेत?”

“एक उघडला. उजेडात बघितलं तर टेबल रिकामं. मी ओरडलो. साहेबांनी मग कशालाच हात लावू दिला नाही. दुसरा तसाच आहे.”

“गुडघा फार दुखतो?”

“जिना चढताना जीव जातो.” एवढं बोलून काकांनी जीभ चावली आणि दुसरीकडे बघायला लागले.

पोपट तिकीटघराच्या मागे सापडला. काल तोंडाला कुलूप नव्हतं, आज किल्ली हरवल्यासारखा उभा होता.

“मी तिकडे परत फिरकलोच नाही मॅडम. लोकांना त्यांच्या बसपर्यंत पोचवलं आणि तसाच घरी गेलो. बसवाल्याला विचारा.”

“मग पडदे कुणी ओढले?”

“काकांनीच ओढले असणार.” तो घाईनं पुढे म्हणाला, “काकांनी घंटा घेतली असेल असं मी कुणालाही म्हणणार नाही. मरेपर्यंत म्हणणार नाही.”

“मी कुठे विचारलं तसं?”

पोपटाचा चेहरा पडला. हा पोरगा काकांना वाचवायला धडपडत होता आणि त्याच धडपडीत त्यांना अडकवत होता. फौजदारला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

“बरं, एक सांग. ती घंटा पटकन वाजते का?”

“पटकन? पावलांच्या हादऱ्यानंसुद्धा किणकिणते! खिडकीतून वारा आला तरी आवाज करते. सज्ज्यातल्या माणसाला ऐकू जातो.”

“सज्ज्यात काल कोण होतं?”

“चित्रकार बाई होत्या. रोज तिथेच असतात.”

४

चित्रकार बाई पाहुणेघरातच उतरल्या होत्या. हाताला रंग, कपाळाला रंग, आणि बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांनी न विचारताच सगळ्या पेट्या उघडून दाखवल्या.

“व्यवस्थापकांनी सकाळीच उलथ्यापालथ्या केल्यात. तुम्हीही करा.”

“मला तुमचं चित्र बघायचंय.”

चित्र राणीमहालाचं होतं. पश्चिमेच्या दोन खिडक्यांतून आलेलं उन्ह पलंगाच्या पायापर्यंत पोचलं होतं. टेबलावर घंटा, घंटेखाली रुमाल. पलंगाजवळ गादी बसवलेलं बुटकं स्टूल होतं. त्याच्यावर संग्रहालयानं चिठ्ठी लावली होती: ‘राणीसाहेबांचे पाय ठेवण्याचे आसन’.

“हे उन्ह किती वाजताचं?”

“अगदी शेवटचं. तुमची फेरी आत शिरली आणि मला उठावं लागलं. त्या क्षणापर्यंत घंटा होती. मी तिच्यावर शेवटचा पांढरा ठिपका देत होते.”

“मग तुम्ही सज्ज्यात बसलात?”

“कुलूप लागेपर्यंत. पाठ दाराकडे होती, ब्रश धूत होते. पण सज्जा अरुंद आहे, माझ्या खुर्चीला धक्का दिल्याशिवाय कुणी जाऊ शकत नाही. तुमची माणसं गेली, सगळ्यांत शेवटी तुमच्या आत्याबाई गेल्या. त्यानंतर कुणीही आत गेलं नाही.”

“काका गेलेच असतील ना फेरीला?”

चित्रकार बाईंनी ब्रश खाली ठेवला. “किल्लीकाका सज्ज्याच्या टोकाशी आले. तिथूनच आत डोकावले. खोलीत अंधार होता, पडदे ओढलेले होते. ‘चला बाई, बंद करतो’ म्हणाले आणि मला बाहेर काढून कुलूप घातलं. ते खोलीत शिरलेच नाहीत.”

फौजदार उठून उभी राहिली. काका खोटं बोलले होते. घंटा त्यांनी पाहिली नव्हती आणि पडदेही त्यांनी ओढले नव्हते.

“आणि घंटेचा आवाज?”

“अजिबात नाही. आला असता तर मी मागे वळून बघितलंच असतं.”

५

फौजदारनं काकांना आणि पोपटाला राणीमहालात एकत्र उभं केलं. व्यवस्थापक दारात हाताची घडी घालून उभे राहिले.

“आता दोघांनी एकमेकांना वाचवणं पुरे करा,” ती म्हणाली. “काका, सकाळी कसंबसं जमतं, पण संध्याकाळी गुडघ्यामुळे तुम्हाला वरच्या खोल्यांचे उंबरे ओलांडवत नाहीत. हा पोरगा तुमच्याऐवजी खोल्या बघतो आणि पडदे ओढतो. काल तुम्हाला पडदे ओढलेले दिसले. तुम्हाला वाटलं, पोपटानं काम उरकलं. खरं ना?”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. “त्याला खोल्यांत फिरायची परवानगी नाही ताई. माझ्यामुळे त्याची नोकरी जायला नको. आणि सकाळी घंटा दिसली नाही तेव्हा वाटलं, पोरानंच… म्हणून म्हटलं मीच ओढले.”

“काका!” पोपट ओरडला. “मी काल आलोच नव्हतो! बस सुटायची घाई होती. तुम्ही म्हणालात ‘मीच ओढले’, तेव्हा मला वाटलं, ह्या गुडघ्यानं हे संध्याकाळी आत कशाला गेले? म्हणजे तुम्हीच…”

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एरवी हा प्रसंग हसण्यासारखा होता.

“वा!” व्यवस्थापक म्हणाले. “म्हणजे कामचुकारपणा कबूल. पण घंटा कुठाय? तपासलं नाही ते नाहीच, वर खोटंही बोललात. विश्वस्तांना मी एवढं सांगितलं तरी पुरे आहे.”

खरं होतं ते. फौजदारनं काकांना वाचवायला म्हणून गाठ सोडवली आणि ती काकांच्याच गळ्याला लागली. आता घंटा सापडल्याशिवाय सुटका नव्हती.

ती दुसऱ्या खिडकीपाशी गेली. पडद्याचे दोन्ही भाग मधोमध जुळले होते आणि वाऱ्यानं उघडू नयेत म्हणून त्यांच्या फिती एकमेकींना बांधलेल्या होत्या.

“तुम्ही अशा बांधता फिती?”

“छे,” काका म्हणाले. “आम्ही नुसते पडदे ओढतो. सकाळच्या पडद्याचीही गाठ अशीच होती. घट्ट म्हणजे काय घट्ट! आणि एक टोक हाताला लागलं, तर सटकन सगळीच सुटली. जन्मात अशी गाठ पाहिली नाही.”

फौजदारनं गाठ निरखून पाहिली. फीत दोनदा दुमडून एका टोकाची घडी आत खुपसलेली होती. तिनं हळूच गाठ हलवून पाहिली. ढिम्म. मग तिनं लोंबणारं टोक धरलं आणि ओढलं.

गाठ सुटली आणि फौजदारच्या मानेवर एकदम हलकं वाटलं. वेणी मोकळी झाल्यावर वाटायचं तसं. शाळेतून आल्यावर आत्या पाठीमागून रिबिनीचं टोक ओढायची, तेव्हा अगदी असंच वाटायचं.

“काय झालं मॅडम? कळलं का कोण ते?” व्यवस्थापकांनी विचारलं.

“थोडा वेळ द्या मला,” ती म्हणाली. तिला तिचाच आवाज ओळखू आला नाही.

काखेत कळसा नि गावाला वळसा! सगळ्या राजवाड्याची उलटतपासणी घेतली आणि जी सगळ्यांत शेवटी खोलीतून बाहेर पडली, तिला मात्र विचारायचं राहिलं. जिला दोन हातांवरचा माणूस नीट दिसत नाही, सपाट फरशीवरही जिचा हात धरावा लागतो, ती त्या उंबऱ्यावरून न बघता पाय उचलून गेली होती.

६

आत्या बागेतल्या बाकावर उन्हात बसली होती. गोंधळ कसला चालू आहे ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही विचारलं नव्हतं. फौजदार तिच्याशेजारी बसली, पण तोंड उघडेना. जन्मभरात शेकडो माणसांना तिनं खडसावून विचारलं होतं. ह्या एका बाईला विचारायची मात्र तिला भीती वाटत होती. उत्तर ‘हो’ आलं तर आत्या चार लोकांत चोर ठरणार. ‘आठवत नाही’ आलं तर त्याहून वाईट. आणि गप्प बसलं तर किल्लीकाका बेघर होणार.

“आत्या, एक विचारू?”

“तू न विचारता कधी राहिलीयस?”

“काल तू राणीमहालातली घंटा उचललीस?”

“कुठली घंटा? मी कशाला उचलू? मी खुर्चीत बसले, दम खाल्ला, उठून आले.” आत्याचा चेहरा लाल झाला. “म्हणजे? मला चोर म्हणतेस होय गं?”

ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणाऱ्यांचे चेहरे फौजदारनं खूप पाहिले होते, त्यांतला हा नव्हता. मग तिला घराचं कुलूप आठवलं आणि तिनं प्रश्न बदलला.

“बरं, राहू दे. मला एवढंच सांग, तुझ्या वेळी संध्याकाळ झाली की ती घंटा कुठे असायची?”

“कुठे म्हणजे? माझ्या स्टुलात.” आत्या पटकन म्हणाली. “दिवे लागले की घंटा उघड्यावर ठेवायची नाही. तिची जीभ धरायची, तोंडात रुमाल कोंबायचा, स्टुलात ठेवायची, मग पडदे बांधायचे…”

बोलता बोलता तिचे हात मांडीवर हलत होते. डाव्या मुठीत काहीतरी धरलं, उजव्या हातानं काहीतरी कोंबलं, मग हवेत दोन फिती दुमडल्या आणि एका टोकाची घडी आत खुपसली. तिचं स्वतःच्या हातांकडे लक्ष गेलं. हात थांबले.

“अगं बाई,” आत्या म्हणाली.

मग अगदी हळू आवाजात तिनं विचारलं, “फौजदार, माझं डोकं चाललं का गं?”

“नाही गं आत्या. निघताना घराला कुलूप कुणी लावलं?”

“मीच ना. ती शेजारीण म्हणाली.”

“तुला आठवलं होतं?”

“नाही.”

“पण लावलंस ना? हातांनी लावलं. तसंच हे. किती वर्षं केलंस ते काम?”

“परकराच्या वयापासून, राजवाडा सुटेपर्यंत.”

“पण तू तर शिवणखोलीत होतीस ना?”

“घरी तसं सांगायचे,” आत्या म्हणाली. “राणीसाहेबांच्या खोलीत असते म्हटलं असतं, तर शंभर जणांनी शंभर गोष्टी विचारल्या असत्या. काय खातात, कुणाशी भांडतात, कधी रडतात. मला सांगायच्या नव्हत्या. म्हणून मग पहिल्या दिवसापासून शिवणखोली.”

तिनं काठी टेकली आणि उठली.

“चल. तो बिचारा किल्लीवाला तिकडे बसला असेल. माझ्या हातांनी केलंय ते माझ्याच तोंडानं सांगेन.”

“मी सांगते आत्या. लोक काहीबाही म्हणतील.”

“म्हणू देत. त्यांच्या म्हणण्यानं माझे हात बदलणारेत का?”

७

राणीमहालाच्या उंबऱ्यावरून आत्या ह्याही वेळी न बघता आत गेली.

फौजदारनं थोडक्यात सगळं मांडलं. चांदीसाठी घंटा नेणारा रुमाल नेत नाही. घंटेचं तोंड बंद करायला मात्र रुमालच लागतो. आवाज आला नाही, कारण जीभ आधी धरायची हे उचलणाऱ्या हाताला ठाऊक होतं. चोर पळायच्या घाईत असतो, तो पडदे ओढून गाठी मारत बसत नाही. आणि त्या गाठी घातल्या गेल्या म्हणूनच पडदे बघून काकांना वाटलं, खोली तपासून झाली. “ही चोरी नव्हतीच,” ती म्हणाली. “राणीसाहेबांच्या खोलीतलं संध्याकाळचं काम होतं. फक्त ते बऱ्याच वर्षांनी झालं.”

“हे सगळं ठीक आहे,” व्यवस्थापक म्हणाले, “पण घंटा?”

आत्या त्या बुटक्या स्टुलापाशी गेली. व्यवस्थापक मध्ये आले. “आजी, ते पोकळ नाहीये. सकाळी आम्ही गादी उचलून पाहिली, हलत नाही. राणीसाहेबांचे पाय ठेवायचं आसन आहे ते.”

“पाय?” आत्या म्हणाली. “माझी बसायची जागा आहे ती. आणि झाकण उचलायचं नसतं, सरकवायचं असतं.”

तिनं गादीच्या कडेला तळवा टेकला आणि ढकलला. झाकण बाजूला सरकलं. आत घंटा आडवी ठेवली होती, तोंडात पांढरा रुमाल.

किल्लीकाकांनी हात जोडले. पोपटानं त्यांचा खांदा घट्ट धरला. व्यवस्थापकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग काकांकडे न बघता म्हणाले, “खोलीचं… फाटकाजवळच्या खोलीचं मी बोललो ते मनावर घेऊ नका.”

“आणि वरच्या खोल्यांसाठी पोपटाला रीतसर परवानगी द्या,” फौजदारनं लोखंड तापलंय तोवर घाव घातला. “नाहीतर पडद्याचा शिरस्ता तरी बदला.”

“देतो, देतो.”

पोपट एव्हाना आत्यापुढे येऊन उभा राहिला होता. “आजी, पण घंटा अशी गप्प कशाला करायची? राणीसाहेब तर रात्री-बेरात्री वाजवायच्या ना?”

आत्यानं त्याच्याकडे नीट पाहिलं. आयुष्यभर जे तोंडाबाहेर काढलं नव्हतं ते आता काढावं की नाही, हे ती ठरवत असावी.

“वाजवायच्या,” ती म्हणाली. “आधीच्या राणीसाहेब, ह्यांच्या सासूबाई. ह्या लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांनी पाहिलं, मी दुपारी उभ्या उभ्या पेंगत होते. काय झालं विचारलं. मी घाबरून सांगितलं, रात्री घंटा होते. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःचा रुमाल तिच्या तोंडात कोंबला आणि माझ्याच स्टुलात ठेवायला लावली. म्हणाल्या, ‘दिवे लागले की हिलाही झोपव. पोरींना झोपू दे.’ तहान लागली तर स्वतः उठून पाणी घ्यायच्या. आणि तू काल म्हणतोस, एकीलाही झोपू दिलं नाही!”

पोपटाचा खरोखरीच पोपट झाला होता, पण हसलं कुणीच नाही. त्यानं कान पकडले. “आजपासून हेच सांगीन आजी.”

“सांग. एवढं सांगितलं तर वासे मोजल्यासारखं होत नाही.”

फौजदार स्टुलाचं झाकण लावायला वाकली तेव्हा तिला आत कोपऱ्यात अडकलेलं काहीतरी दिसलं. बोटांनी ओढल्यावर एक रिबीन हाताला आली. रंग कुठला होता ते आता सांगता येत नव्हतं.

“ही इथे राहिली होय!” आत्यानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. “निघायच्या दिवशी सगळीकडे शोधली. मोकळ्या केसांनीच घरी गेले. बाबा ओरडले होते.”

“अं… वस्तू राजवाड्यातली आहे, म्हणजे संग्रहालयाची…” व्यवस्थापकांनी सुरुवात केली.

“घंटा तुमची,” आत्या म्हणाली. “रिबीन माझी.”

व्यवस्थापकांनी स्टुलाचं झाकण लावून टाकलं.

त्या संध्याकाळी विश्वस्त आले, बघून गेले. घंटा टेबलावर होती. ते गेल्यावर आत्यानं काकांना बसवून घेतलं आणि ती गाठ शिकवली. काकांची बोटं जाडजूड, त्यांना काही जमेना. पोपटाला जमली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढलं तेव्हा राजवाडा अजून उघडायचा होता. चौकात कोवळं उन्ह आलं होतं. आत्या मागच्या सीटवर बसली होती. फौजदार शेजारी बसायला वळली, तोच आत्यानं तिचा खांदा धरला.

“थांब. वेणी सुटलीय तुझी. एवढी मोठी झालीस तरी धड बांधता येत नाही.”

“आता कसली वेणी आत्या, शेपूट राहिलंय.”

“शेपूट तर शेपूट. मान खाली घाल.”

फौजदारनं मान खाली घातली. म्हाताऱ्या बोटांनी केस सारखे केले, ती रंग उडालेली रिबीन दोनदा दुमडली, घडी आत खुपसली आणि घट्ट आवळली. दुखलं, पण फौजदार काही बोलली नाही. डोळ्यांतलं पाणी आत्याला दिसणार नव्हतं हे एक बरं होतं.

इतक्यात वरच्या उघड्या खिडकीतून एक बारीक, स्वच्छ आवाज आला. काकांनी टिचकी मारली होती.

आत्याचे हात थांबले. आवाज पूर्ण विरेपर्यंत ती ऐकत राहिली.

“उठली,” ती म्हणाली. “चल आता. आणि काय गं, खोलीचं कुलूप लावलंस ना?”